त्या पाकिटावरचं नीट वाच गं

अगं, काल फोनवर तू म्हणालीस की चिनूची सर्दी जाईना, म्हणून घरात सगळ्यांनाच क जीवनसत्त्वाची गोळी, झिंक आणि ड जीवनसत्त्वाचं पाकीट सुरू केलंय. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. तुझी धास्ती कळते मला. कोविडच्या दिवसांत या गोळ्यांसाठी केमिस्टकडे कशी झुंबड उडायची, ते आपण दोघींनी पाहिलंय. पण आज मोठी बहीण म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

आधी ते पाकीट हातात घे आणि मागचे बारीक अक्षरांतले आकडे वाच. ६०,००० आययू. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० आययू, म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचं ड आलं! कमतरता असेल तर डॉक्टर ते आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. ड चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि पुढे मूत्रपिंडालाही धोका. चिनूला तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते अजिबात द्यायचं नाही.

ड जीवनसत्त्वाचा प्रतिकारशक्तीशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्याच मदतीनं जंतूंना मारणारी प्रथिनं तयार करतात. म्हणूनच तर संशोधकांना आशा होती. २०१७ साली ११ हजारांच्या आसपास लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला थोडं थोडं ड घेणाऱ्यांना श्वसनाच्या संसर्गापासून थोडं संरक्षण मिळालेलं दिसलं, ज्यांच्यात ते फारच कमी होतं त्यांना जास्त. पुढे २०२५ मध्ये ६० हजारांवर लोकांचा हिशेब मांडला, तेव्हा तो फायदा ठामपणे उरला नाही. म्हणून माझं मत असं, की तू दिवसभर ऑफिसात असतेस, ऊन अंगाला लागत नाही, तर एकदा रक्त तपासून घे. कमी निघालं तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी जरूर घे. सर्दी टळेल या भरवशावर नको.

क जीवनसत्त्वाचं वेड लावलं लायनस पॉलिंगनं. दोन नोबेल मिळवलेला माणूस, त्यानं १९७० साली पुस्तक लिहिलं आणि जगानं विश्वास ठेवला. नंतरच्या चाचण्यांत दिसलं ते असं: रोज गोळी घेऊनही सर्वसामान्य माणसाला सर्दी तेवढीच होते, फक्त ती थोडी लवकर आटपते, मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के. मॅरेथॉन धावणाऱ्यांना आणि कडाक्याच्या थंडीत राबणाऱ्या सैनिकांना मात्र खरा फायदा झाला. नाक गळायला लागल्यावर गोळी सुरू करून तर विशेष काहीच होत नाही. त्यापेक्षा चिनूला एक पेरू दे, त्याची दिवसभराची गरज भागते. आणि झिंक महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, तेही बंद कर.

मला खरी काळजी तुझ्या सासूबाईंची आहे. वय सत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह. त्यांना फ्लू झाला तर तो सर्दीवर थांबेलच असं नाही. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच ती घेतलेली बरी. चिनू शिंकत असेल तेव्हा त्याला आजीच्या कुशीत झोपवू नकोस, आणि खोलीची खिडकी उघडी ठेव.

गोळ्यांवर महिन्याला जे पैसे जातात, त्यातून आधी ही लस घे. याच आठवड्यात डॉक्टरांना फोन कर, आणि ती पाकिटं किती दिवस, कुणी कुणी घेतली, तेही त्यांना लपवून न ठेवता सांग.