अपग्रेडच्या आधी नुसते रीस्टार्ट करा

सेंटओएस 7 या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपणार, हे कित्येक वर्षे जाहीर होते. तरी दिल्ली परिसरातल्या माझ्या ग्राहकांना जाग आली ती जूनमध्येच. गुरुग्रामच्या उद्योग विहारातल्या एका कंपनीने अपग्रेडसाठी 27 तारखेची रात्र ठरवली. सर्व्हरच्या रिमोट कन्सोलची केबल आधी जोडा, असे मी लेखी कळवले होते. उत्तर आले, ‘बाद में देख लेंगे.’

मी नोएडात घरी, सर्व्हर गुरुग्रामला. सेंटओएसच्या जागी बसवायच्या अल्मालिनक्स 8 ची पॅकेजेस उतरली, मशीन रीबूटला गेले आणि परत आलेच नाही. त्याच पहाटे पावसाने दिल्लीला झोडपले: सफदरजंगला 24 तासांत 228 मिमी. विमानतळाच्या टर्मिनल 1 चे छत कोसळले ते तेव्हाच. रस्ते पाण्याखाली, मी पोचलो दुपारी. स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, कर्सर लुकलुकतोय. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एका बाहेरच्या डिस्कची नोंद होती आणि ती डिस्क कोणीतरी केव्हाच काढून नेली होती. इतक्या वर्षांत सर्व्हर रीस्टार्टच झाला नव्हता, मग कळणार कसे? बिचाऱ्या अपग्रेडवर उगाच आळ आला.

तेव्हापासून मी अपग्रेडच्या दोन दिवस आधी, काहीही न बदलता, मशीन फक्त रीस्टार्ट करायला लावतो. जुनी दुखणी तिथेच बाहेर पडतात.

दुसरे दुखणे ॲप्लिकेशनचे. सेंटओएस 7 बरोबर पीएचपी 5.4 यायचे, अल्मालिनक्स 8 मध्ये 7.2 येते. मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स पीएचपी 7 मधून काढूनच टाकली आहेत, त्यामुळे जुने बिलिंग पहिल्याच पानावर आडवे होते. बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून तिथेच हे तपासा. न चढवलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आणि कन्सोलची केबल विसरू नका! त्या रात्रीनंतर तीनच आठवड्यांनी, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोलमडली. दिल्ली विमानतळावर गेट क्रमांक पांढऱ्या फळ्यावर लिहावे लागले. अनेक मशीन प्रत्यक्ष हात लावूनच उठवावी लागली.

सेंटओएस 7 ची पॅकेजेस आता फक्त जुन्या संग्रहात मिळतात. नव्या सुरक्षा दुरुस्त्या तिथे येत नाहीत. तुमच्याकडे असे मशीन असेल तर येत्या शनिवारी रीस्टार्ट करून बघा, आणि तेव्हा कीबोर्डपाशी कोणीतरी बसलेले असू द्या.