थुनेर : हिमालयातील एक दुर्मिळ सूचिपर्णी वृक्ष आणि त्याची लागवड

खोकल्यावरचे तालीसादि चूर्ण आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्यातील तालीसपत्र म्हणून बाजारात हिमालयातील फर वृक्षाचा पाला येतो, तसाच थुनेराचाही येतो. हिमाचलात त्याला रखल किंवा बिर्मी म्हणतात. देवदार व बांज वृक्षांच्या सावलीत, साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर हा वृक्ष अतिशय सावकाश वाढतो.

याच कुळातील अमेरिकन झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य मिळाले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली व १९९२ साली अमेरिकेत कर्करोगावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. मागणी वाढताच हिमालयातील थुनेरावर कुऱ्हाड चालली. साल सोलली की झाड मरते. १९९५ पासून याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. वास्तविक पानांतील घटकापासूनही हे औषध तयार करता येते, म्हणून झाड मारण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय इतर बहुतेक सूचिपर्णी वृक्षांप्रमाणे थुनेर छाटल्याने खुंटत नाही, जुन्या लाकडावरही फुटतो. युरोपात याच्याच जातभाईची कुंपणे दरवर्षी कातरतात आणि तो कातरलेला पाला औषधासाठी गोळा केला जातो. पहाडी शेतकऱ्याने बांधावर अशी कुंपणे केली तर जंगलातील झाडांवरचा भार हलका होईल.

अभिवृद्धी

बियांपासून रोपे करणे चिकाटीचे काम आहे. बी कठीण सुप्तावस्थेत असते, उगवण्यास दीड-दोन वर्षे लागू शकतात. नर व मादी झाडे वेगळी असल्याने एकट्या मादी झाडावर फळाची आशा धरू नये.

त्यापेक्षा फाटे कलम बरे. हिवाळा संपताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी, एक-दोन वर्षे वयाच्या फांद्यांची १५ ते २० सें.मी. लांबीची कलमे घ्यावीत. मातृवृक्ष शक्यतो तरुण निवडावा, म्हाताऱ्या झाडाची कलमे मुळे धरण्यास कुरकुर करतात. कलमाच्या खालच्या भागातील पाने काढावीत, बुडखा आयबीए संजीवकाच्या भुकटीत बुडवावा आणि स्वच्छ वाळूच्या वाफ्यात, सावलीत लावावीत. वाफा ओलसर असावा, पण पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात. तीन महिन्यांच्या आत कलम उपटून पाहण्याचा मोह आवरावा. मुळे फुटण्यास याहूनही अधिक वेळ लागतो. कोसी-कटारमल (अल्मोडा) येथील गोविंद बल्लभ पंत संस्थेने थुनेराच्या कलमांवर काम केले आहे.

आडव्या फांदीचे कलम पुढे आडवेच वाढू पाहते. पाल्यासाठी ते चालेल, सरळ खोडाचे झाड हवे असल्यास उभ्या शेंड्याचे कलम घ्यावे.

मुळे धरल्यावर पालापाचोळ्याचे खत, पोयटा व वाळू भरलेल्या पिशव्यांत कलमे हलवावीत. ती पुरेशी वाढेपर्यंत सावलीत ठेवून मग पावसाळ्याच्या आरंभी, निचऱ्याच्या जमिनीत, मोठ्या झाडांच्या आडोशास लावावीत. तोडणी करताना फक्त कोवळे शेंडे घ्यावेत, सगळी फांदी ओरबाडू नये. मातृवृक्ष वनातील असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

आपल्याकडे हे झाड लावावे काय? माझे मत स्पष्टपणे नको असे आहे. कळसूबाई हे आपले सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचे, म्हणजे थुनेर जेथून सुरू होतो तेथपर्यंतही पोचत नाही. शिवाय त्याला लागणारी दीर्घ कडक थंडी आपल्याकडे नाही. "कर्करोगाच्या औषधाचे झाड" म्हणून कोणी महागडी रोपे दाखवल्यास पैसे मोडू नयेत.

हिमालयात लागवड करणाऱ्यांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. बीभोवतीचा लाल गर सोडला तर या झाडाचे सर्व भाग, बी धरून, विषारी आहेत. पाने खाऊन जनावरे दगावतात आणि वाळलेला पालाही तितकाच घातक असतो. त्यामुळे कुंपण गोठ्यापासून व चराईच्या वाटेपासून दूर असावे, आणि कातरलेला पाला त्याच दिवशी गोळा करून बंद जागी ठेवावा.