जादूची सुई घ्यायची का? आधी घड्याळ लावा

भरतकामाच्या ऑर्डर घेणाऱ्या ताई मला सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न आज घेऊया. "बाजूने दोरा अडकवायची सुई, दोन टोकांची सुई, पंच निडल... या घेतल्या तर काम खरंच सोपं होतं का?"

काहींनी होतं, काहींनी नाही. पण आपण धंदा करतोय, त्यामुळे प्रश्न जरा बदलून विचारायचा: तुमच्या कामातला कुठला वेळ ही सुई वाचवते?

बाजूने दोरा अडकवायची सुई घ्या. हिच्या नेढ्याला बारीक फट असते, दोरा ओवायचा नाही, नुसता दाबून सरकवायचा. आता हिशोब करू. समजा एका बाहीच्या कामात 40 वेळा दोरा बदलावा लागतो आणि ओवायला दर वेळी 20 सेकंद लागतात. म्हणजे 800 सेकंद. या सुईने 5 सेकंदात काम झालं तर 200 सेकंद. वाचली किती? 10 मिनिटं. बाहीला एकूण 6 तास लागत असतील तर 10 मिनिटांनी तुमचा दर बदलत नाही. शिवाय फटीत घासून दोऱ्याचे पदर फुटतात, कधी दोरा निसटतो, आणि रेशमी दोऱ्यावर ते लगेच दिसतं. पण ज्यांना चाळीशी लागलीय, एकेका ओवणीला मिनिट-दीड मिनिट जातं, त्यांच्यासाठी हीच सुई सोन्याची. त्यातही आधी साधा तारेचा थ्रेडर वापरून बघा, तो बहुतेक सुयांना चालतो.

दोन टोकांच्या सुईचं नेढं मध्यभागी असतं. ताणलेल्या फ्रेमवर एक हात वर, एक हात खाली ठेवून काम करत असाल तर सुई खाली गेल्यावर उलटी फिरवावी लागत नाही, तशीच दुसऱ्या टोकाने वर येते. क्रॉस स्टिचचं मोठं काम असेल तर हा फरक हाताला कळतो. पण रिंग हातात धरून, कापड दुमडून टाका घेणाऱ्यांना तिचा उपयोग शून्य. उलट मागचं टोक बोटाला लागतं ते वेगळंच.

आता जिच्याबद्दल कुणी विचारत नाही, ती सुई. मिलिनर्स नावाची लांब सुई. दिसायला साधीच, पण तिचं नेढं दांडीइतकंच जाड असतं. नेहमीच्या भरतकामाच्या सुईचं नेढं फुगीर असतं, म्हणून बुलियन नॉटचे वेढे तिथे अडकतात, आपण ओढतो आणि गुलाबाची पाकळी वाकडी होते. मिलिनर्सवरून वेढे सरळ निघून येतात. बुलियनचे गुलाब विकत असाल तर हीच घ्या. (नंबर लक्षात ठेवा: एकाच प्रकारच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नवीन मुली हमखास उलटं मागतात.)

खरा वेग मात्र आरीत आहे. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोची कारागिरांची ही कला, चामड्याच्या आरीवरून आलेली, म्हणून तिकडे तिला मोची भरत म्हणतात. ती वेगवान का? दोरा रिळातून थेट कापडाखाली येतो, डावा हात तो खाली धरतो, आकडा खाली जाऊन फास वर ओढतो. झाला साखळी टाका. ओवणं नाही, प्रत्येक टाक्याला हातभर दोरा ओढणंही नाही. साध्या सुईचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो या ओढण्यातच! मणी, टिकल्याही आरीने लावता येतात, म्हणून लग्नाच्या ब्लाउजवर आज हीच दिसते.

पण किंमतही मोजावी लागते. फ्रेम कापड कडक ताणणारी हवी, हात बसायला बराच सराव हवा. सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा फास पक्का बांधला नाही तर साखळी सरसर उसवते. एक टोक निघालं की अख्खी वेल गेली, आणि गिऱ्हाईक मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दारात. माल देण्याआधी प्रत्येक टोक मागून तपासायचं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी नखाने ओढून बघायला लावते.

पंच निडलचं तेच, जरा जास्तच. पोकळ सुईतून दोरा जातो, कापडावर फासांची मऊ गादी तयार होते, तासाभरात उशीचं फूल भरतं. शिकायला सगळ्यात सोपी. पण ते फास गाठीने धरलेले नसतात, नुसते कापडाच्या विणीत रुतलेले असतात. भिंतीवर लावायच्या चौकटीला चालेल. कपड्यावर किंवा रोजच्या उशीवर विकायचं असेल तर मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा, त्याचा खर्च दरात धरा, आणि पहिला नमुना स्वतः तीन-चार वेळा धुऊन बघा. फास सैल झाले तर त्या कापडाचं विणकाम विरळ असू शकतं. घट्ट विणीचं कापड घ्या आणि पुन्हा धुवा, मगच ऑर्डर घ्या.