ती लुकलुकते का, बघ बरं!

आईबाबांनो, संध्याकाळी क्लासहून परतताना मूल वर बोट दाखवून विचारतं, "ती कुठली चांदणी?" आपण घाईत असतो. "असेल कुठलीतरी, चल पटपट," म्हणतो, नाहीतर मोबाइल वर धरून नाव सांगून मोकळे होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, नाव लगेच सांगू नका. आधी विचारा, "ती लुकलुकते का, बघ बरं!"

तारे इतके दूर आहेत की दुर्बिणीतूनही ठिपक्यासारखेच दिसतात. हवा हलली की तो ठिपका थरथरतो. ग्रह त्यामानाने जवळ असल्याने त्यांचा प्रकाश शांत वाटतो. क्षितिजालगत मात्र ग्रहही थरथरतो, म्हणून थोडं वर बघायचं. शुक्र आपल्या आकाशात सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर शांतपणे झळकणारा ठळक ठिपका शुक्र नव्हे, बहुधा गुरू असतो. हे मुलाला स्वतः ताडू द्या. चुकलं तरी चालेल, उद्या पुन्हा गच्चीवर जायचंच आहे.

फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे उंचावर मृग नक्षत्र असतं. त्याच्या पोटातले तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण, एका ओळीत दिसतात. ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. तीच ओळ वायव्येकडे नेली की लालसर रोहिणी.

गेल्या हिवाळ्यात पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही दोघं व्याध बघत होतो. माझा लेक तेव्हा साडेआठ वर्षांचा. मी म्हटलं, "हा प्रकाश तिथून निघाला ना, तेव्हा तू नुकताच जन्मला होतास." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि आजीचा तारा कुठला?"

रोहिणीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षं लागतात. आजीचं वयही तेवढंच. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्याने आजीचा हात धरला आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना सांभाळत, एकेक पायरी थांबत, तिला गच्चीवर नेलं. तीन ताऱ्यांपासून रोहिणीपर्यंतची वाट त्यानेच तिला बोटाने दाखवली.