लिंबाचे सरबत : पाहुण्यांचे आणि श्रमकऱ्यांचे



वसमतेच्या शिवारात फाल्गुन लागला म्हणजे हळदीची काढणी सुरू होते, आणि पुढे चैत्र संपेपर्यंत ठिकठिकाणी चुलाणे पेटलेली दिसतात. खणून काढलेले कंद कढईत, किंवा अलीकडे वाफेच्या कुकरात, शिजवावयाचे. मग उन्हात पसरून वाळवावयाचे. आणि वाळल्यावर फिरत्या पिंपात घासून त्यांस चकाकी आणावयाची, असा हा क्रम आहे. ह्याच हळदीस सन २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ ह्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या भागास भूषणावह गोष्ट होय. परंतु ही पिवळी हळद ज्या हातांनी शिजते, त्या माणसांवर वरून सूर्याची व खालून चुलाण्याची अशी दुहेरी आच पडत असते, ह्याचा विचार करणारे थोडेच.

अशाच एका शिवारात आम्ही भर दुपारी गेलो असता एक बाई झाडाखाली पोटऱ्या आवळून धरून बसलेली आढळली. तिच्या दोन्ही पायांत गोळे आले होते. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे नजर लागली. तिने पाणी प्यायले नव्हते असेही नाही. सकाळपासून तिने तांब्यामागून तांबे पाणी रिचविले होते. मग उणे कशाचे होते? उणे होते ते तिच्याच शिदोरीच्या फडक्यात बांधलेले होते, ते म्हणजे भाकरीबरोबर आणलेले मीठ. शेजारच्या बांधावर लिंबाचे झाड होते, आणि चहासाठी आणलेली साखरही होती. ह्या तिहींचा मेळ पाण्यात घालून तिला सावकाश पाजले, तिचे पाय चोळले व तिला सावलीत निजविले. तेव्हा काही वेळाने तिला उतार पडला. त्या दिवसापासून लिंबाच्या सरबताविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात होते.

माठाचा दृष्टांत

आपल्या घरातील मातीचा माठ पाहा. त्याच्या अंगातील बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी माठाची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. म्हणून आतील पाणी गार राहते. कोकणातील दमट हवेत माठ तितका गार होत नाही. परंतु आमच्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात तो उत्तम काम देतो.

मनुष्याचे शरीरही असाच एक माठ आहे. घाम येतो, तो वाळतो, आणि शरीर थंड राहते. पारा चाळीस अंशांच्या वर गेला असता शेतात राबणाऱ्या मनुष्याच्या अंगातून ताशी एक लिटरपर्यंतही घाम जाऊ शकतो. माठ रिकामा झाला तर तो थंड करीत नाही. त्यात पाणी घालावे लागते, हे लहान मूलही जाणते. पण माठ आणि मनुष्य ह्यांत एक भेद आहे. माठातून केवळ पाणी पाझरते. मनुष्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. ओठांवर आलेला घाम खारट लागतो, आणि काळ्या सदऱ्यावर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग पडतात, ही त्याची साक्ष होय. यास्तव गेलेल्या पाण्याच्या जागी केवळ पाणीच भरीत गेले, तर अंगातील मीठ अधिकाधिक पातळ होते, आणि स्नायूंत गोळे येतात.

ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानात कशी आली, तेही ऐकण्याजोगे आहे. इंग्लंडातील कोळशाच्या खोल व उष्ण खाणींत काम करणाऱ्या मजुरांस वारंवार गोळे येत. नेव्हिल मॉस ह्या अभ्यासकाने सन १९२३ मध्ये असे दाखविले की, हे मजूर घाम पुष्कळ गाळीत व त्यावर साधे पाणी पुष्कळ पीत, आणि त्यामुळेच त्यांस ही पीडा होई. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालताच गोळे येणे थांबले. खाणीतील मजूर आणि हळदीच्या चुलाण्यावरील मजूर, दोघांचे दुखणे एकच व औषधही एकच.

साखर कशासाठी?

कित्येकांची समजूत अशी की, साखर केवळ गोडीसाठी असते. तसे नाही. आपल्या आतड्यात साखरेचा अंश आणि मिठाचा अंश हे जोडीने आत घेतले जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी रक्तात शिरते. जणू साखर ही मिठासाठी दार उघडणारी किल्लीच होय. सन १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, तेव्हा बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरू लागली. शिरेतून देण्याचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, द्राक्षशर्करा व सोडा पाण्यात कालवून ते रोग्यांस त्यांच्या नातलगांकरवीच पाजविले. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी ती हीच. सन २०२३ मध्ये भारत सरकारने डॉक्टरांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. ज्या औषधाने कोट्यवधी मुलांचे प्राण वाचले, त्यातील दोन मुख्य जिनसा प्रत्येक गरिबाच्या चुलीशेजारी असतात, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

आणि लिंबू? लिंबाने पाण्यास रुची येते, व मनुष्य अधिक पितो. हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण असा की, त्यात क जीवनसत्त्व आहे. सन १७४७ मध्ये जेम्स लिंड ह्या आरमारी वैद्याने हिरड्या सुजून रक्त वाहणाऱ्या बारा खलाशांस दोघादोघांच्या सहा जोड्या करून निरनिराळे उपाय दिले. त्यांपैकी ज्या दोघांस संत्री व लिंबे दिली, तेच सर्वांआधी बरे झाले.

दोन प्रकारची सरबते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपण घरी जे सरबत करितो ते पाहुण्यांचे सरबत होय. एक लिटर पाण्यास तीन लिंबांचा रस, शंभर ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि वाटल्यास भरडलेल्या जिऱ्याची चिमूट घातली म्हणजे ते रुचकर होते. ते मानाचे आहे, पण श्रमाचे नव्हे. उन्हात राबणाऱ्यास जे द्यावयाचे त्यात गोडी बेताची व मीठ मोजलेले असावे. त्याचे प्रमाण येणेप्रमाणे :

एक लिटर पाण्यास — चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, दोन कागदी लिंबांचा रस.

दहा लिटरांच्या घागरीस — पाव किलो साखर, सपाट पाच चमचे मीठ, वीस लिंबांचा रस.

चमचा शिगोशीग भरू नये. बोटाने सपाट करावा. तयार झाल्यावर आधी आपण चाखून पाहावे. सरबत आपल्या आसवांहून अधिक खारट लागता कामा नये. लागल्यास ते ओतून देऊन नवे करावे. अधिक मीठ लहान मुलांस घातक आहे, आणि अतिशय साखरही हगवणीत अपाय करिते. येथे ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय लागू पडत नाही.

कृती व सावधगिरी

पाणी खळखळ उकळून, झाकून, माठात गार करावे. दुहेरी फडक्याने गाळल्यास गाळ जातो, पण रोगाचे जंतू जात नाहीत, हे विसरू नये. लिंबू कापण्यापूर्वी तळहाताखाली दाबून पाटावर घोळवावे म्हणजे रस पुष्कळ सुटतो. बिया काढून टाकाव्या व साल फार पिळू नये, नाहीतर कडवटपणा उतरतो. साखर व मीठ आधी विरघळवून रस शेवटी, पाणी गार झाल्यावर घालावा. कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते.

तांब्याच्या वा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात लिंबाचे सरबत कधीही करू नये. आंबटाने धातू विरघळून पोटात जातो व मळमळ, ओकारी होते. माती, काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील हीच भांडी योग्य. बाजारी बर्फाचा मोहही टाळावा. सर्वच बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. म्हणूनच महाराष्ट्रात सन २०१८ पासून अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम झाला. माठाच्या गारव्याने तहान उत्तम भागते.

उन्हाळ्यात लिंबू महाग होते, ही तक्रार खरी आहे. त्यास उपाय असा की, पावसाळ्यात लिंबे स्वस्त असता गाळलेला रस एक भाग व साखर वजनाने दोन भाग कोरड्या काचेच्या बरणीत घालून, साखर विरघळेपर्यंत रोज कोरड्या चमच्याने ढवळावे. फ्रीज असल्यास हा पाक त्यात ठेवावा. नसल्यास थोडाच करून लवकर संपवावा. बुरशी अथवा फेस दिसल्यास निःशंकपणे टाकून द्यावा. आणि लिंबू मुळीच न मिळाले तरी अडू नये. केवळ मीठ-साखरेच्या पाण्यानेही मुख्य कार्य साधते. मीठ घातलेले पातळ ताकही चांगले.

तहान लागेपर्यंत थांबू नये. कामास लागण्यापूर्वी एक पेला, आणि पुढे दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांस विचारूनच हे सरबत घ्यावे.

सरबताची मर्यादा

गुण सांगितले, तशी मर्यादाही सांगितली पाहिजे. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील समारंभात ऊन लागून चौदा माणसे दगावली. ती तर कष्टाचे काम करीत नव्हती, केवळ बसली होती. उन्हाचा झटका ही सरबताने बरी होणारी गोष्ट नव्हे. अंग भाजल्यासारखे तापले, मनुष्य असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राण जाईल. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा, आणि १०८ क्रमांकावर फोन करून दवाखान्यात पोचवावे. कांदा हुंगविणे वा नजर काढणे ह्यांत घटका दवडू नये.

एकाच घागरीतून

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सरबत कसे करावे हे सांगितले; ते कोणास व कसे द्यावे, हेही सांगितल्यावाचून धडा पुरा होत नाही. आमच्या वाडवडिलांस पाणपोईवर दुरून, वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलून प्यावे लागे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्या पाण्यावरील हक्काचा खटला पुढे दहा वर्षे चालून सन १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. एका पेल्याची किंमत ज्यांच्या घराण्याने एवढी मोजली, त्यांनी आपल्या रानात मजुरांसाठी वेगळा पेला ठेवावा, ही गोष्ट शोभेल काय? गार पाण्याच्या एका प्याल्याविषयी प्रभूने काय म्हटले ते मत्तय १०:४२ येथे वाचावे, आणि तो प्याला तेथे कोणास द्यावयाचा आहे, हेही पाहावे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. पाहुणा आला म्हणजे सरबत करितोच. ह्या वर्षी हळद शिजेल तेव्हा चुलाण्याशेजारी एक घागर श्रमकऱ्यांसाठीही भरून ठेवावी, आणि मालक व मजूर ह्यांनी त्याच घागरीतून, सारख्याच पेल्याने प्यावे.

मननासाठी प्रश्न

१. माठ व मनुष्याचे शरीर ह्यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. पुष्कळ साधे पाणी पिऊनही गोळे का येतात?
३. एक लिटर पाण्यास मीठ व साखर किती घालावी? प्रत्यक्ष मोजून दाखवा.
४. कोणत्या रोग्यास सरबत पाजू नये, व त्याच्यासाठी काय करावे?
५. आपल्या गावी उन्हात राबणाऱ्यांस पाणी कोण देतो, व कोणत्या पेल्यातून?