धान्य पुढं सरकवणारं मळसूत्र : काम आणि काळजी

मैत्रिणींनो, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ज्वारी निवडून, दळून विकायची म्हटलं की पोती उचलून कंबर जाते. तिथं स्क्रू कन्व्हेअर उपयोगी पडतो.

हाताने फिरवायचं शेवयांचं मशीन आठवा. आतलं मळसूत्र फिरतं, पीठ पुढं ढकलतं. हेही तसंच. पन्हळीत दांडा, त्याभोवती पत्र्याचं पातं गुंडाळलेलं. एका फेऱ्यात धान्य साधारण एका आट्याएवढं सरकतं. आटे १५ सेंटिमीटरवर असतील आणि मिनिटाला ६० फेरे होत असतील, तर मिनिटात सुमारे ९ मीटर.

हे ध्यानात ठेवा :

१. पन्हळ अर्ध्याहून कमी भरा. काठोकाठ भरली की मोटरवर ताण येतो, ती जळू शकते. ओलं धान्य चिकटतं, आधी वाळवा.

२. थ्री फेज मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मळसूत्र उलटं फिरतं, धान्य मागं तुंबतं. दुरुस्तीनंतर आधी रिकामं फिरवून बघा.

३. पदर खोचा, वेणीचा अंबाडा घाला, बांगड्या काढा.

४. धान्य अडकलं तर हात घालू नका, काडीही नको. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा, मगच झाकण उघडा.

मशीन घेताना झाकण आणि जाळी बघा. जाळी नसलेलं स्वस्त मिळालं तरी नको. गेलेला पैसा गट परत उभा करील. गेलेलं बोट येत नाही.