धाब्याचे घर

निसर्गाने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके वसले आहेत. रांगेच्या उत्तरेस, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे तालुके पसरले आहेत. वैशाखात घाटाखाली पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील उन्हाळा त्या मानाने सुसह्य असतो. परंतु श्रावणात झड लागली म्हणजे घाटावरची हवा गार व ओलसर होते आणि धुतलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. पुढे पौषातील पहाटेचा गारठा तर अंगावरची गोधडी दूर सारू देत नाही. ऊन, ओल आणि थंडी या तिघांशी येथील माणसाची एकाच वर्षात गाठ पडते. या तिघांपासून माणसाचे रक्षण करण्यासाठी येथील पूर्वजांनी जे घर उभारले, ते धाब्याचे घर होय.

जिजाबाईंचे जन्मस्थान असलेला सिंदखेड राजा येथील जाधवांचा वाडा दगडविटांचा आहे. सामान्य कुटुंबास असा वाडा कोठून परवडणार? त्याने आपल्या पायांखालची मातीच हाती घेतली. मात्र ती घेताना त्याने विवेक केला. मराठी भाषेत शेतीच्या जमिनीस ‘काळी’ व गावठाणास ‘पांढरी’ असे म्हणतात. हा भेद केवळ रंगाचा नाही. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून ती पिकास उत्तम, पण भिंतीस निरुपयोगी. पांढरी माती त्या मानाने कमी फुगते व वाळल्यावर घट्ट बसते. म्हणून काळीने अन्न दिले व पांढरीने निवारा दिला.

ही पांढरी माती भिजवून, तीत गव्हाचे काड वा भुसा मिसळून, पायांनी तुडवून चिखल करीत. त्या चिखलाची भिंत एकावर एक थर देत उभी राही. तिची जाडी दीड-दोन फूट असे. आत लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया व तुळयांवर जवळजवळ आडवी लाकडे बसवीत. त्यांवर तुराट्या, पऱ्हाट्या व पाला यांचा थर आणि सर्वांच्या वर मातीचा जाड, सपाट थर चोपून बसवीत. हेच धाबे. मराठवाड्यात अशाच छपरास माळवद म्हणतात. धाब्यावर मिरच्या, डाळी, कुरडया वाळत. उन्हाळ्याच्या रात्री घरची मंडळी तेथेच झोपत.

हे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार का राहते? एकच भिंत दोन परस्परविरुद्ध कामे कशी करते? भिंत उष्णता निर्माण करीत नाही व थंडीही निर्माण करीत नाही. ती उष्णतेची वाट लांब करते, एवढेच. कोरड्या मातीतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. एक फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूस पोहोचावयास सुमारे दहा तास लागतात. तोपर्यंत सूर्य मावळलेला असतो, बाहेरची हवा निवलेली असते आणि वाटेत त्या उष्णतेचा जोरही पुष्कळसा ओसरलेला असतो. हिवाळ्यात हीच भिंत दिवसा ऊन साठवून घेते व रात्री ते थोडे थोडे आत सोडते. मातीची भिंत अशी उष्णतेची कोठीच असते.

छपराची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे तुराट्यांच्या व पाल्याच्या थरात असंख्य बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा अडकून पडते. अडकलेली, स्थिर हवा उष्णतेस सहजासहजी वाट देत नाही. थंडीच्या दिवसांत कापसाची दुलई अंगावर घेतली की ऊब वाटते. ती ऊब दुलईची नसते; ती शरीराचीच असते. कापसाच्या तंतूंत अडकलेली हवा तिला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ती टिकते. ज्या जिल्ह्याच्या शेतांत कापूस पिकतो, तेथील मुलांना हे तत्त्व निराळे शिकविण्याची गरज नाही. धाब्यातील तुराट्यांचा थर म्हणजे घराने डोक्यावर घेतलेली दुलईच होय.

परंतु हीच दुलई पाण्यात भिजवून पांघरली तर काय होईल? ऊब मिळण्याऐवजी हुडहुडी भरेल. याचे कारण असे की, तंतूंमधील हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. घराचेही तसेच आहे. भिंत भिजली, छपरातील पाला ओला झाला, की त्यांचा उष्णतेस अडविण्याचा गुण कमी होतो. शिवाय ओल्या भिंतीवर बुरशी येते, लाकडास कीड लागते आणि मातीचा जोरही जातो. म्हणून थंड व दमट हवेत घर उबदार ठेवावयाचे असेल, तर पहिला नियम हा की, घर कोरडे असले पाहिजे.

जुन्या लोकांस हा नियम पूर्णपणे ठाऊक होता. ते घराचे जोते उंच व दगडी बांधीत, म्हणजे जमिनीची ओल भिंतीत चढत नसे. धाब्यास किंचित उतार देऊन पाणी पन्हळीवाटे भिंतीपासून दूर सोडीत. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी दरवर्षी धाब्यावर खारवट मातीचा नवा थर देत. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील क्षारयुक्त माती पिकास त्रासदायक ठरते. पण तीच माती भिजली की तिचे सूक्ष्म कण सुटे होतात व बारीक छिद्रे बुजवितात, त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही. जो दोष शेतास नडला, तो छपरास गुण ठरला! भिंतींना शेणमातीचे पोतेरे असे. त्यातून आतील ओल हळूहळू बाहेर पडून वाऱ्यावर उडून जाई. घर जणू श्वास घेत असे.

मग अशी घरे दिवसेंदिवस कमी का होत आहेत? त्याची कारणे खरी आहेत व ती समजून घेतली पाहिजेत. तुळयांचे लाकूड महाग झाले. दरवर्षी धाब्यावर माती चढविण्यास घरात माणसे उरली नाहीत. वाळवीने खांब पोखरले. एखाद्या वर्षी डागडुजी राहून गेली, तर झडीच्या दिवसांत भिंत खचून माणसांच्या जिवावर बेतते. या भीतीने अनेकांनी धाबे उतरविले व लोखंडी पत्रे घातले. पत्रा हलका असतो, लवकर बसतो व गळत नाही. त्याचे हे गुण नाकारता येणार नाहीत.

परंतु पत्र्याला जाडी नाही आणि लोखंड उष्णतेस मुळीच अडवीत नाही. दुपारी पत्रा तापला की त्याखालचे घर भट्टीसारखे होते. घरात तान्हे मूल असेल, आजारी आजोबा असतील, तर हा ताप केवळ गैरसोयीचा राहत नाही. तो धोक्याचा ठरतो. हिवाळ्याच्या रात्री उलटा प्रकार होतो. उघड्या आकाशाखाली पत्रा लवकर थंड पडतो. चुलीवरच्या भांड्याची वाफ व माणसांचा श्वास यांतील बाष्प त्या थंड पत्र्यास लागून त्याचे पाणी होते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम येतो, तसाच हा पत्र्याचा घाम. पहाटे तो थेंबाथेंबाने अंथरुणावर व धान्याच्या पोत्यांवर टपकतो. पत्र्याची जुनी दुकाने व गोदामे यांतही हाच अनुभव येतो. तेथे नुकसान मालाचे होते.

दुसरी चूक भिंतींच्या बाबतीत होते. जुनी मातीची भिंत पक्की व्हावी म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविण्यात येतो. काही दिवस भिंत छान दिसते. पुढे गिलाव्यास केसासारख्या बारीक चिरा पडतात व त्यांतून पावसाचे पाणी आत शिरते. सिमेंटच्या कवचामुळे ते पुन्हा सहजपणे बाहेर पडू शकत नाही. वरून भिंत धडधाकट दिसते आणि आत तिचा पाया मऊ होत जातो.

हा अनुभव केवळ बुलढाण्याचा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथील हवा थंड व दमट असते. तेथेही माती व काड तुडवून बांधलेली घरे आहेत आणि त्यांतील काही कित्येक शतके उभी आहेत. विसाव्या शतकात तेथील अनेक घरांना सिमेंटचा गिलावा देण्यात आला. ओल आत कोंडली गेली व काही भिंती ढासळल्या. तेव्हा लोक शहाणे झाले. आता तेथील जाणकार अशा भिंतींवरील सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा देण्याचा सल्ला देतात; कारण चुना पावसाचा मारा सोसतो आणि आतील ओलीस बाहेर पडू देतो. हजारो कोसांवरील दोन प्रदेशांना मातीने एकच धडा शिकविला.

विदर्भातच या धड्याचे एक सुंदर उदाहरण आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे राहावयास आले. तेथील त्यांची कुटी माती, बांबू, लाकूड व कौले यांची आहे. पुढे आलेले छप्पर व पडवी यांमुळे पावसाचा मारा भिंतींपर्यंत पोहोचत नाही. वेळोवेळी निगा राखल्यामुळे ती कुटी आजही उभी आहे. इंग्लंडमध्ये १९१७ साली जन्मलेले व पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांच्यावर गांधीजींच्या विचारांचा मोठा प्रभाव पडला. बेकर यांनी मातीच्या घरांचा आयुष्यभर पुरस्कार केला. विटांची भिंत बांधतानाही ते विटा उभ्या लावून भिंतीत पोकळ्या ठेवीत. त्यामुळे विटा कमी लागत आणि पोकळीतील हवा ऊन अडवी. तुराट्यांच्या थराचे तत्त्वच त्यांनी विटांत उतरविले होते.

तेव्हा जुने घर सुधारावयाचे असेल, तर कामांचा क्रम चुकता कामा नये. प्रथम पाणी अडवावे. पन्हळी दुरुस्त कराव्यात, भिंतीच्या पायथ्याशी साचणारे पाणी दूर न्यावे, छप्पर भिंतीच्या पुढे आणावे. दुसरे, खांब व तुळया जाणत्या सुताराकडून तपासून घ्याव्यात. कारण पोखरलेल्या तुळईवर मातीचा भार ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. तिसरे, भिंतीस सिमेंट न देता माती वा चुना द्यावा. चौथे, ऊब व गारवा यांचा विचार करावा. पत्रा काढणे शक्य नसेल, तर त्याला वरून पांढरा रंग द्यावा, म्हणजे पुष्कळसे ऊन परत फिरते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा फळ्यांचे छत घालून मध्ये वीतभर पोकळी ठेवावी. त्या पोकळीस व स्वयंपाकघरास झरोके असावेत, म्हणजे वाफ आत कोंडून राहणार नाही. छत मात्र चुलीपासून दूर असावे. पाणी न अडविता नुसता उबदार थर चढविणे म्हणजे भिजलेल्या अंगावर दुलई पांघरणे होय.

जुने ते सर्व सोने नसते आणि नवे ते सर्व पितळही नसते. पूर्वीच्या माणसाजवळ उष्णतामापक नव्हता, पण डोळस अनुभव होता. आजच्या माणसाजवळ दोन्ही आहेत. त्या दोहोंची सांगड घातली, तर पांढरीतील जुनी घरे पुढील पिढ्यांनाही वैशाखात गारवा व पौषात ऊब देत राहतील.

अभ्यास

१. बुलढाणा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग कोणते? तेथील हवेत कोणता फरक आढळतो?
२. ‘काळी’ व ‘पांढरी’ या शब्दांचे अर्थ सांगून घर बांधण्यास पांढरी माती का निवडीत, ते लिहा.
३. कारणे द्या : (अ) मातीचे घर उन्हाळ्यात थंड राहते. (आ) हिवाळ्यात पत्र्यातून पाणी टपकते. (इ) मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा मानवत नाही.
४. ‘जो दोष शेतास नडला, तो छपरास गुण ठरला!’ हे वाक्य कशाविषयी आहे, ते स्पष्ट करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, हुडहुडी भरणे, सांगड घालणे.
६. तुमच्या गावातील एका जुन्या घराची पाहणी करा. भिंतींची जाडी, छपराची रचना व पावसाचे पाणी वाहून जाण्याची सोय यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.